परवाना मागणारा अडतो, न मागणारा सुटतो: निर्यात नियंत्रणाबद्दल मंत्रिमहोदयांना खुले पत्र

आदरणीय मंत्रिमहोदय,

सप्रेम नमस्कार.

आम्ही दुहेरी वापराची, म्हणजे नागरी आणि लष्करी अशा दोन्ही कामांत चालू शकणारी यंत्रे बनवून परदेशी पाठवतो. पत्रास कारण ताजे आहे. धातू कापणाऱ्या आमच्या पाच अक्षांच्या मिलिंग मशीनच्या निर्यात परवान्याचा अर्ज त्रुटी काढून पुन्हा परत आला. त्रुटी कोणती, तर अंतिम वापराच्या प्रमाणपत्रावरचा (माल कुठे, कशासाठी वापरणार हे ग्राहक यात लिहून देतो) कारखान्याचा पत्ता आणि ऑर्डरवरचा पत्ता अक्षरशः जुळत नाही. मशीन किती अचूक आहे, ते बसणार कुठे, त्यावर काय कापले जाणार, यांपैकी एकही प्रश्न विचारला गेला नाही. राष्ट्रीय सुरक्षेसाठी नियंत्रण कडक व्हायला आमचा विरोध नाही. उलट ते आज आहे त्याहून कडक हवे. पण कडकपणा कागदावर पडतो आणि माल मोकळा राहतो, म्हणून हे जाहीरपणे लिहावे लागते आहे.

आपल्याकडे कायदे कमी नाहीत. १९९२चा विदेश व्यापार कायदा आहे, संहारक अस्त्रांविषयीचा २००५चा कायदा आहे, परवान्याशिवाय बाहेर पाठवता न येणाऱ्या दुहेरी वापराच्या मालाची स्कोमेट यादी आहे. २०१६मध्ये आपण क्षेपणास्त्र तंत्रज्ञान नियंत्रण व्यवस्थेत गेलो, २०१७मध्ये शस्त्रे आणि दुहेरी वापराच्या मालाविषयीच्या वासेनार करारात आणि २०१८मध्ये रासायनिक-जैविक अस्त्रांना लागणाऱ्या मालावर लक्ष ठेवणाऱ्या ऑस्ट्रेलिया गटात. यादी जगाच्या तोडीची झाली. पण ती राबवणारा हात बंदरावर कुठे दिसतो?

शिपिंग बिलावर, म्हणजे निर्यातदार कस्टमला देतो त्या कागदावर, आठ आकडी एचएस कोड म्हणजे मालाच्या वर्गाचा क्रमांक असतो. पण नुसत्या त्या कोडवरून माल नियंत्रित आहे की नाही हे कळत नाही. आता ८५०४४० हा गट घ्या. मोबाइलचा चार्जर यात येतो, यूपीएस यात येतो आणि मोटरची गती बदलणारा फ्रीक्वेन्सी ड्राइव्हही यातच येतो. अणुकार्यक्रमाला लागणाऱ्या मालाच्या निर्यातीचे नियम ठरवणाऱ्या देशांच्या अणुपुरवठादार गटाच्या निकषांनुसार ड्राइव्हचे आउटपुट बहुफेज, ४० व्होल्ट-अँपिअर किंवा अधिक, वारंवारता ६०० हर्ट्झ किंवा अधिक आणि तिचे नियंत्रण ०.२ टक्क्यांहून काटेकोर असेल, तर तो नियंत्रित ठरतो. कारण उघड आहे. युरेनियम समृद्ध करणारा सेंट्रिफ्यूज, म्हणजे अतिवेगाने फिरणारे नळकांडे, सेकंदाला हजाराच्या आसपास फेरे घेतो, ५० हर्ट्झच्या विजेवर तो फिरत नाही. म्हणूनच अनेक उत्पादक ड्राइव्ह ५९९ हर्ट्झवर बांधून विकतात. पण ही मर्यादा पुष्कळदा हार्डवेअरमध्ये नसतेच, ती फर्मवेअरमध्ये, म्हणजे यंत्रात भरलेल्या सॉफ्टवेअरमध्ये असते. कुलूप उघडणारा कोड ईमेलने जातो. त्याला कंटेनर लागत नाही आणि शिपिंग बिलही लागत नाही. सॉफ्टवेअर आणि तंत्रज्ञानाचे हस्तांतर कायद्याने नियंत्रित आहे. तरीही सगळी तपासणी पेटीभोवती फिरते आणि कोडकडे कोणी बघत नाही.

मशीन टूलचेही तेच. वासेनार यादीत, एक मीटरहून कमी चाल असलेल्या पाच अक्षांच्या मिलिंग मशीनसाठी एकाच दिशेने येण्याची पुनरावृत्ती-अचूकता (त्याच जागी पुन्हा पुन्हा येताना पडणारा फरक) ०.९ मायक्रॉन किंवा त्याहून चांगली असली की नियंत्रण लागते. हा आकडा आयएसओ २३०-२ या आंतरराष्ट्रीय चाचणी-मानकाप्रमाणे मोजायचा असतो, २० अंश सेल्सिअस हे संदर्भ तापमान धरून. एक मीटर पोलाद एका अंशाने तापले की ११ ते १२ मायक्रॉन वाढते. जिथे निकष एका मायक्रॉनच्या आत आहे, तिथे तापमान, मशीन किती वेळ चालवून मग मोजले आणि कोणत्या अक्षावर मोजले, हे लिहिल्याशिवाय अहवालाला अर्थ नाही. अर्जासोबत मात्र कॅटलॉग चालतो! कॅटलॉग विक्रीसाठी छापतात. त्यात ‘अचूकता’ आणि ‘पुनरावृत्ती’ यांची सरमिसळ असते. सही केलेला चाचणी अहवाल मागा. तो वाचू शकेल असा, मेट्रोलॉजी म्हणजे मापनशास्त्र शिकलेला एक माणूस टेबलावर बसवा.

प्रमाणपत्रावर सरकारचा केवढा विश्वास! २००३मध्ये पाकिस्तानसाठी २०० ट्रिगर्ड स्पार्क गॅप, म्हणजे अतिवेगवान विद्युत स्विच, अमेरिकेतून दक्षिण आफ्रिकेमार्गे मागवले गेले. कागदावर कारण होते मूतखडे फोडणारी रुग्णालयातली यंत्रे. हाच भाग अण्वस्त्राच्या स्फोटसाखळीतही चालतो. एखाद्या रुग्णालयाला असे भाग हाताच्या बोटांवर मोजण्याइतके लागतात, दोनशे नाही. कागद निर्दोष होता, खोटी होती ती संख्या. अमेरिकी यंत्रणांनी पहिले ६६ नग आधी निकामी केले, मग पाठवले आणि ते कुठे पोचतात हे पाहिले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ‘बीबीसी चायना’ जहाज इटलीतल्या तारांतोकडे वळवले गेले. लिबियाला निघालेले सेंट्रिफ्यूजचे भाग त्यावर ‘वापरलेले यंत्रभाग’ म्हणून चढले होते. दोन्ही वेळा डाव उघडा पाडला तो मालाचा माग काढणाऱ्यांनी. कागद जुळवणाऱ्यांच्या हाती यातले काहीच लागले नसते.

आणि इथे अर्ज कोण करतो? ज्याला कायदा पाळायचा आहे तो. तो महिनोन्‌महिने थांबतो, पतपत्राची (गिऱ्हाइकाच्या बँकेने दिलेल्या पैशांच्या हमीची) मुदत उलटते, गिऱ्हाईक दुसऱ्या देशाच्या उत्पादकाकडे जाते. लहान कारखान्यात मालकच विक्री बघतो, मालकच मापन बघतो आणि रात्री बसून स्कोमेटची पानेही तोच चाळतो. ज्याला लपवायचे आहे तो अर्जच करत नाही. मशीनसाठी ८४५७१० वा ड्राइव्हसाठी ८५०४४० असा साधा एचएस कोड टाकतो, मधल्या देशातल्या व्यापाऱ्याला माल पाठवतो आणि मोकळा होतो. म्हणजे ही व्यवस्था प्रामाणिक माणसाला गाळून बाजूला काढते आणि त्यालाच शिक्षा करते. हे फक्त निर्यातीत आहे असेही नाही. ज्या खात्यात जावे तिथे दारात येऊन खरे सांगणारा रांगेत उभा असतो. संताप होतो तो याचा.

उपाय परके नाहीत, खर्चिकही नाहीत. संवेदनशील एचएस कोड टाकताच शिपिंग बिलात तांत्रिक रकाने उघडले पाहिजेत: ड्राइव्हसाठी कमाल हर्ट्झ आणि फर्मवेअरची आवृत्ती, मशीनसाठी अक्षांची संख्या, मायक्रॉन आणि अनुक्रमांक. रकाना रिकामा असेल तर बिल पुढे सरकू नये. नियंत्रित मशीनवर जागा बदलली की कुलूप लावणारा सेन्सर सक्तीचा करा. जपानी आणि जर्मन उत्पादक तो बसवतात. मशीन हलवले की कंट्रोलर बंद पडतो आणि उत्पादकाच्या कोडशिवाय स्पिंडल फिरत नाही. निर्यातीनंतर दूतावासातला माणूस जाऊन अनुक्रमांकाची पाटी बघून येऊ दे, दहात एक मशीन का होईना. आणि त्याच ग्राहकाला, त्याच पत्त्यावर, तेच सुटे भाग दुसऱ्यांदा जात असतील तर बॉल स्क्रूसारख्या भागासाठी अर्ज पुन्हा मंत्रालया-मंत्रालयांत फिरू देऊ नका. वाचलेला वेळ पहिल्यांदाच आलेल्या, वेबसाइट नसलेल्या, सगळे पैसे आगाऊ देऊन मशीन बसवायला आमचा इंजिनिअर नको म्हणणाऱ्या ग्राहकावर घालवा.

परत आलेला अर्ज आम्ही पत्ता दुरुस्त करून उद्या पुन्हा भरू. या वेळी सोबत चाचणी अहवालही जोडतो आहोत, कोणी मागितलेला नसला तरी. तो कोणी वाचला का, एवढे मात्र आम्हाला कळवावे.

आपले नम्र,
दुहेरी वापराच्या यंत्रसामग्रीचे उत्पादक व निर्यातदार