नाना, तुम्ही बाटलीला विचारलंत

नाना, सा. न. वि. वि.

फोन केला तर "असू दे रे" म्हणून ठेवून द्याल, म्हणून इथे सगळ्यांदेखत लिहितोय.

आठ महिने मी 1-ऑक्टीन या आठ कार्बनच्या द्रवाला कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन जोडून सरळ साखळीचं नोनानाल, म्हणजे नऊ कार्बनचं अल्डिहाइड, काढायच्या मागे होतो. उत्प्रेरक रोडियम, सोबत ट्रायफेनिलफॉस्फिन; ते रोडियमला धरून राहिलं तरच साखळी सरळ निघते. फांदीवालं अल्डिहाइड जवळजवळ तितकंच निघायचं. गटातल्या शहाण्यांचा सल्ला एकच: दाब वाढव, तापमान वाढव. वाढवलं, आणखी बिघडलं. बिघडणारच! कार्बन मोनॉक्साइड जास्त झाला की तो फॉस्फिनला रोडियमवरून हुसकावतो, आणि उष्णतेने दुहेरी बंध टोकावरून आत सरकतो. जर्मन रसायनज्ञ रोलेनला 1938 साली ही अभिक्रिया कोबाल्टवर सापडली; कोबाल्टला दोनशे बारच्या वर दाब लागतो, रोडियमचं दहा-वीसवर भागतं. हे कुणी सांगितलं नाही. "याच्या हाताला सफाई नाही," हे मात्र मीटिंगमध्ये चारचौघांत ऐकवलं.

मे महिना, जळगावचं ऊन. तुम्ही आमच्या लॅबचे अटेंडंट, आता रिटायर झालेले, पेन्शनच्या कसल्याशा कागदासाठी आलेले. "काय भो, जेवला का?" म्हणालात आणि खिडकीतली अर्धी झालेली ऑक्टीनची बाटली उचललीत. परीक्षानळीत थोडं ऑक्टीन, असेटिक आम्ल, पोटॅशियम आयोडाइडचे चार दाणे. इथरच्या बाटल्या जन्मभर अशाच तपासल्यात तुम्ही. मग खिशातला पांढरा रुमाल नळीमागे धरलात आणि नळी माझ्या हातात दिलीत. स्वतः आधी बघितलंसुद्धा नाहीत.

पिवळा. मग कोऱ्या चहासारखा.

पेरॉक्साइड! उघड्या बाटलीत हवेने तयार झालेलं. माझं फॉस्फिन तेच खात होतं, आणि रोडियम उघडा पडत होता.

"हात चांगला आहे तुझा," एवढंच बोललात आणि कागदावर सही घ्यायला गेलात. नाना, मी त्या दिवशी बाथरूममध्ये जाऊन रडलो.

ऑक्टीन अ‍ॅल्युमिनावरून गाळलं, फॉस्फिन भरपूर घातलं, दाब उतरवला. सरळ आठ, फांदी एक! नमुन्याला संत्र्याच्या सालीसारखा वास. मीटिंगमध्ये आता त्याला "आपल्या गटाचं ऑप्टिमायझेशन" म्हणतात. म्हणू द्या. प्रबंधाच्या आभारात तुमचं नाव बघून एकाने विचारलं, "अटेंडंटचं नाव कशाला?" ते पहिल्या ओळीत आहे, आणि तिथेच राहील. समोरच्याला त्याच्या स्वतःच्याच नजरेतून उतरू न देता चूक दाखवणारी माणसं डिग्रीवाल्यांत मला तरी फार भेटली नाहीत.

बामणोदची वांगी आलीयत. आई म्हणते, रविवारी भरीत आणि कळण्याच्या पुऱ्या करते, काकूंना घेऊन या. रुमाल माझ्याकडेच राहिलाय. धुऊन ठेवलाय, पण परत मागू नका.

तुमचाच