तिच्या केसांविषयी

शहापूर, बेळगाव

ती. आई व ती. बाबा यांस,
शि. सा. नमस्कार.

आई, परवा फोनवर "केस कापले म्हणे सूनबाईनं" एवढंच म्हणालीस आणि लगेच बाळाचं विचारायला लागलीस. तुझा आवाज मला कळतो. बाबांनीही विषय काढला नाही, म्हणजे घरात बोलणं झालंय. फोनवर बोलताना ती जवळपास असते, म्हणून सविस्तर लिहितोय.

बाळ झाल्यावर तिसऱ्या-चौथ्या महिन्यात तिचे केस मुठीमुठीनं यायला लागले. तू गुंतवळ साठवून दिवळीत ठेवायचीस, केसांवर भांडी देणारी बाई येईपर्यंत जेमतेम एक वाटीपुरती जमायची. हिची आठवड्यात तेवढी निघायची. फणीकडं न बघता बोटाला गुंडाळायची आणि कागदात टाकून द्यायची. कातडीच्या डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. एरवी सगळ्यांचेच रोज 50 ते 100 केस गळतात. पोटात बाळ असताना हार्मोन्समुळं ते गळायचं कमी होतं, आणि बाळंतपणानंतर असे अडलेले सगळे एकदम जातात. मुळं शाबूत असतात, वर्षभरात बहुतेकींचे पहिल्यासारखे होतात. तेव्हा कुणाची दृष्ट नाही, आणि तू पाठवलेल्या माक्याच्या तेलातही काही उणं नव्हतं. त्यात बाळाच्या मुठीत वेणी सापडली की सुटायची नाही. एक दिवस स्वतःच पार्लरमध्ये जाऊन खांद्यापर्यंत करून आली. मला विचारत बसली नाही, हे मला फार बरं वाटलं.

लग्नात तुम्ही बायकांनी गंगावन लावून घातलेला तो खोपा आणि त्यावरचे आबोलीचे वळेसर अजून डोळ्यांसमोर आहेत. पण त्या दिवशी तिला मानसुद्धा वळवता येत नव्हती. दुसऱ्या दिवशी न्हाऊन आली आणि परसात पंचानं केस झटकत उभी राहिली, शिकेकाईचा वास सगळीकडं, तेव्हा ती मला आपली वाटली. शाळेत नोकरी लागली तसा अंबाडा सुरू झाला. तो घालताना बघत राहावं की आई. दातात आकडे, हात मागं, आरशाकडं लक्षही नाही. पेड फिरतो, दोन आकडे खुपसले की झालं. तेवढ्यात काही विचारलं तर नुसतं "हं". पुढं स्कूटर घेतली. हेल्मेटखाली अंबाडा बसेना, म्हणून वेणी खाली मानेवर उतरली. पावसाळ्यात आपल्याकडं केस वाळतात कुठले, तेव्हा क्लचर लावून अर्धे मोकळे. शुक्रवारी मात्र गणपत गल्लीतून हातावर मोजून मोगरा घेणार. फुलवाली कानडीत भाव सांगते, ही मराठीत कमी करायला सांगते, आणि जमतं दोघींचं.

या प्रत्येक वेळी मला वाटलं, आता हेच हिला सगळ्यात शोभतं. आताही तसंच वाटतंय. केस आखूड झाले आणि डाव्या कानामागं तिला एक तीळ आहे हे मला पहिल्यांदा दिसलं. एवढी वर्षं वेणीखाली झाकला होता.

बाबा, 1890 साली नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईच्या न्हाव्यांचा संप घडवला, विधवांचं केशवपन करणार नाही म्हणून, हे मी शाळेत असताना तुम्हीच सांगितलं होतं. बाईच्या केसांवर दुसऱ्यानं हक्क सांगू नये, हे तेव्हापासून माझ्या डोक्यात पक्कं आहे.

केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतात. वाढवायचे की असेच ठेवायचे, ते तिचं ती ठरवेल. पण आई, गणपतीला तिकडं यायचं तर डोक्यावर पदर घेऊ का, असं ती मला विचारत होती. तुझ्यासमोर यायला ती बिचकतेय, हे मला सहन होत नाही. मी छान म्हटलेलं ती धरत नाही, नवरा तर म्हणणारच असं म्हणते. तुझ्या तोंडून एकदा यायला पाहिजे. परसातली आबोली तिच्यासाठी राखून ठेव. आखूड केसांतही आकड्यानं बसते. आणि ती तूच माळ.

तुमचा,
धाकटा