बारशाचं नाव जन्माच्या नोंदीत कधी जाणार?

मा. संपादक,

विचित्र नावांवर कायद्याने बंदी घाला, अशी मागणी अधूनमधून होते. आइसलंडमध्ये नवं नाव समितीकडे जातं आणि त्याला तिथल्या भाषेचा षष्ठीचा प्रत्यय लागावा लागतो. न्यूझीलंडमध्ये ७० अक्षरांपेक्षा लांब किंवा पदवीसारखं नाव नोंदवत नाहीत. आपल्या १९६९च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात अशी अट नाही, आणि नसावीच. मूल जगावं म्हणून कोकणात धोंडू, केरू अशी नावं ठेवली गेली. ती हिणकस ठरवण्याचा अधिकार कोणत्या समितीला द्यायचा?

आपल्याकडे घोडं अडतं ते जन्मनोंदीतल्या नावाच्या कोऱ्या रकान्यात. जन्माची नोंद २१ दिवसांत व्हावी लागते. बारसं बाराव्या दिवशी झालं तरी दवाखान्यातून माहिती बहुधा त्याआधीच, नावाविना गेलेली असते. नाव घालायला नोंदणीपासून १२ महिने मिळतात, त्याला शुल्क नाही. पुढे १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून घालता येतं. नोंद मात्र जन्म झाला तिथलीच. बाळंतपण माहेरी चिपळूणला आणि बिऱ्हाड विरारला असेल, तर अर्ज चिपळूणलाच करावा लागतो. गणपतीला येणाऱ्या चाकरमान्यांनी कामाचा एक दिवस हाताशी ठेवूनच यावं.

एकदा लिहिलेलं नाव आवडलं नाही म्हणून बदलून मिळत नाही. त्याच कायद्याचं कलम १५ चुकीच्या नोंदीपुरतं आहे, बाकीच्यांना राजपत्राची वाट धरावी लागते. म्हणून पत्रिकेतलं नावरस नाव घाईने देऊ नये, शाळेत घालायचं तेच द्यावं. इंग्रजी स्पेलिंगही तेव्हाच ठरवावं. 'प्रथमेश'मधला एक 'ए' जन्माच्या दाखल्यावर नसला आणि आधारवर असला, की पुढे पासपोर्टला अडतं. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांचा तर जन्मतारखेचा पुरावा हाच दाखला आहे.

सगळ्यात जास्त घोळ आईच्या नावात होतो. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या नावापुढे सरकारी कागदांवर आईचं, मग वडिलांचं नाव आणि शेवटी आडनाव येतं. लग्नात नाव बदलण्याची रीत आपल्याकडे अजून आहे. केसपेपरवर सासरचं नाव आणि आधारवर माहेरचं असेल, तर चूक थेट मुलाच्या नावात उतरते. दवाखान्यात भरती होतानाच आधारवरचं नाव सांगावं.

दीड महिन्याच्या लसीच्या डोसाला प्रत्येक मूल उपकेंद्रात आणायचं असतं. ग्रामपंचायतींनी कोऱ्या रकान्यांची यादी त्या दिवशी आशाताईंकडे द्यावी आणि अर्ज तिथेच भरून घ्यावेत.

एक वाचक, राजापूर