'विदाउट प्रेज्युडिस' कोणत्या पत्रावर?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गृहनिर्माण संस्था आणि सभासद यांच्या पत्रव्यवहारात हल्ली पत्राच्या माथ्यावर ठळक अक्षरांत 'विदाउट प्रेज्युडिस' (म्हणजे 'आपल्या हक्कांना बाध न येता') लिहिण्याची पद्धत पडली आहे. टाकी धुण्यासाठी पाणी बंद राहील, या सूचनेवरही ते छापलेले मी पाहिले. वास्तविक माथ्यावरचे हे शब्द वाद चालू असताना दिलेल्या तडजोडीच्या प्रस्तावासाठी आहेत. 'निम्म्या थकबाकीवर मिटवू' असे लिहिले आणि बोलणी फिसकटली, तर ते पत्र देणे मान्य असल्याचा पुरावा म्हणून दिवाणी दाव्यात वापरले जाऊ नये, हा त्यांचा हेतू. पुरावा कायदा, १८७२ च्या कलम २३ मधील ही तरतूद १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २१ मध्ये आहे. तडजोडीचा मागमूस नसलेल्या पत्राला नुसत्या शिक्क्याने संरक्षण मिळत नाही. उलट जी मागणीची नोटीस पुढे आपल्यालाच न्यायालयात दाखवायची असते, तिच्यावर हे शब्द घालून आपण प्रतिपक्षाला हरकतीची आयती संधी देतो. वादग्रस्त रक्कम भरताना 'अंडर प्रोटेस्ट' लिहावे, किंवा सरळ मराठीत 'हरकत राखून'. त्याने काही बिघडत नाही.

आपला,
एक सभासद, पुणे