एका ओळीपायी चोवीस पुस्तके

मा. संपादक,
स. न. वि. वि.

फ्लोरिडातल्या शाळांतून पुस्तके हटवली जात असल्याच्या बातम्या आपल्या दैनिकात येतात, त्यावरून मायामीचे जुने प्रकरण आठवले. २००६ साली ‘बामोस आ कुबा’ (‘चला क्यूबाला’) या पाच ते सात वर्षांच्या मुलांच्या ३२ पानी पुस्तकावरून तिथे रण माजले होते. मुखपृष्ठावर गणवेशातली हसरी क्यूबन मुले, आणि आत एक ओळ: तिथली माणसे तुमच्यासारखीच जेवतात, काम करतात, शाळेत जातात. क्यूबात राजकीय कैद भोगून आलेल्या एका पालकाने तक्रार केली.

त्या बापाचा संताप मला पटतो. क्यूबात १९६२ पासून रेशनकार्ड आहे. तांदूळ, साखर, तेल मोजून मिळते, आणि कार्डावरचे दूध मुख्यतः सात वर्षांखालच्या मुलांसाठी. घरदार सोडून आलेल्यांनी ‘तुमच्यासारखीच जेवतात’ हे मुकाट्याने कसे वाचावे? ती ओळ चुकलीच होती.

पण मी शाळेत ग्रंथपाल होते. रेशनची रांग सहा वर्षांच्या पोराला एका वाक्यात सांगता येते, आमच्या मुलांना तर ती सांगावीही लागत नसे. प्रकाशकाला पत्र लिहून दुरुस्ती मागायची, आणि तोवर क्यूबातून पळून आलेल्या एखाद्या कुटुंबाची गोष्ट त्याच कपाटात आणून ठेवायची. त्या पालकाला खरा न्याय त्यातच मिळाला असता.

शाळेच्या समितीने ७ विरुद्ध १ आणि जिल्ह्याच्या समितीने १५ विरुद्ध १ मतांनी पुस्तक राहू द्या म्हटले होते. तरी निवडून आलेल्या शिक्षण मंडळाने ६ विरुद्ध ३ मतांनी ते काढायचे ठरवले. एवढ्यावर न थांबता त्याच मालिकेतली इतर देशांवरची २३ पुस्तकेही काढायला सांगितली. त्यांच्याविरुद्ध कुणाची तक्रारच नव्हती! खालच्या न्यायालयाने हे रोखले, पण २००९ मध्ये अपील न्यायालयाने २ विरुद्ध १ मतांनी मंडळाची बाजू घेतली आणि सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायलाच नकार दिला. पुस्तक राजकीय मतासाठी नव्हे, चुकीच्या माहितीमुळे काढले, हा मंडळाचा दावा अपिलात टिकला. मग उरलेल्या २३ पुस्तकांतली कोणती माहिती चुकीची होती, हे मंडळाने मुलांना सांगायला हवे होते.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शालेय ग्रंथपाल, कराड