ताटावर विचारलेला प्रश्न

चि. सुमन,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू भरल्या ताटावरून उठलीस. तू ज्याच्याशी लग्न करणार आहेस तोही तुझ्यामागून निघाला, पण जाताना तुझ्या आईला वाकून नमस्कार करून गेला. मी त्याला "तुमचे मूळ गाव कोणते?" एवढेच विचारले होते, असे चार दिवस स्वतःला समजावतो आहे. मात्र चाळीस वर्षे मराठी शिकवलेल्या माणसाला त्या प्रश्नातली खोच कळली नव्हती, असे म्हणवत नाही.

इथे मॉरिशसमध्ये मोका येथील महात्मा गांधी संस्थेच्या दफ्तरात माझ्या खापरपणजोबांची नोंद आहे: जहाज, क्रमांक, बापाचे नाव, जिल्हा रत्नागिरी. ते गिरमिटावर, म्हणजे मुदतीच्या मजुरीचा करार करून, आले, म्हणून गोऱ्या कारकुनाने एवढे तरी लिहून ठेवले. त्या मुलाचे पूर्वज मोझांबिक किंवा मादागास्करहून गुलाम म्हणून विकत आणलेले; मालकाच्या वहीत मालकानेच ठेवलेले नाव, गावाचा पत्ता नाही. १ फेब्रुवारी १८३५ रोजी मॉरिशसमधली गुलामगिरी कायद्याने संपली, तेव्हा वीस लाख पौंडांहून अधिक भरपाई मिळाली ती मळेवाल्यांना, आणि सुटलेल्यांना शिकाऊ उमेदवारीच्या नावाखाली आणखी चार वर्षे त्यांच्याकडेच राबावे लागले. पुढे या सुटलेल्यांनी मळे सोडले, आणि मजुरी चढू नये म्हणून भारतातून आपली माणसे आणली गेली. मळ्यांचे तुकडे विक्रीला निघाले तेव्हा पणजोबांनी दोन एकर ऊस घेतला, आणि त्या दोन एकरांच्या जोरावर आपण क्रिओलांना, म्हणजे त्या गुलामांच्या वंशजांना, आळशी म्हणायला शिकलो. हे सारे मला ठाऊक आहे. तरी तुझ्या मुलांना लोक काय म्हणतील, हे मनातून जात नाही.

१९९९ च्या फेब्रुवारीत काया हा क्रिओल गायक पोलीस कोठडीत मरण पावला आणि दंगल पेटली, तेव्हा तू चार वर्षांची होतीस. आम्ही दिवे मालवून बसलो होतो. शेजारची तांतीन, म्हणजे क्रिओल मावशी, आली, आपल्या दारात खुर्ची टाकून तुला मांडीवर घेऊन बसली, जणू तिचीच नात. जमाव पुढे निघून गेला. तिला मी कधी गाव विचारले नाही.

लग्नाआधी घर, सण, मुलांची नावे यांचे दोघांनी बोलून ठरवा, कारण लोक मुलांना... पुन्हा तेच. वर्गात उभा राहिल्यासारखा बोलतो, क्षमा कर. तू घाबरत नाहीस याचा अभिमान वाटतो, आणि त्याचीच भीतीही वाटते.

गणपतीला त्याला घेऊन ये. मोदक आई करणार आहे, नारळ मी खवीन.

तुझे
बाबा