कोलंबोच्या काकूंना, बॅगेआधी नकाशा उघडायला लावल्याबद्दल

आदरणीय काकू,
सा. न. वि. वि.

फोनवर आभार मानले असते तर तुम्ही "असू दे गं" म्हणून विषय जेवणावर नेला असतात. म्हणून लिहितेय, आणि सगळ्यांदेखत लिहितेय. नाताळच्या सुट्टीत श्रीलंकेला निघालेली दोन-तीन घरं आता आमच्याच सोसायटीत सापडतील. तुमचं सांगणं त्यांच्याही कामी येईल.

मी विचारलं होतं एवढंच, की कपडे कुठले घेऊ. तुम्ही उलट मलाच विचारलंत, "बेटाच्या कुठल्या बाजूला जाताय?" ईशान्य किनाऱ्यावरचं त्रिंकोमाली म्हटल्यावर तुम्ही बॅगेचं बोलणं थांबवलंत आणि आधी नकाशा उघडायला लावलात. दसरा झाला की छत्र्या माळ्यावर टाकायच्या, ही आपली सवय तिथे चालत नाही. डिसेंबर ते फेब्रुवारी ईशान्येचे वारे बंगालच्या उपसागरावरून बाष्प घेऊन येतात आणि उत्तर-पूर्वेच्या पट्ट्यात पाऊस पाडतात. मधले डोंगर ओलांडले की पश्चिम आणि दक्षिण किनारा बराच कोरडा. मे ते सप्टेंबर नैऋत्येचा पाऊस, तेव्हा पारडं फिरतं. "महाबळेश्वर भिजतं नि वाई कोरडी राहते, तसंच. फक्त इथे वर्षातून दोनदा बाजू बदलते," हे तुमचं वाक्य मी आता दिसेल त्याला ऐकवते. आम्ही त्रिंकोमाली सोडून दक्षिण किनाऱ्यावरचं गॉल आणि मिरिसा धरलं. मिरिसाला नोव्हेंबर ते एप्रिल देवमासे बघायला बोटी जातात, तोही योग साधला.

मग बॅग. एजंटाच्या यादीत हलके सुती कपडे, गॉगल, टोपी, संपलं. तुम्ही आधी स्वेटर लिहायला सांगितलात! डोंगरातलं थंड हवेचं नुवारा एलिया १,८६८ मीटरवर आहे; कोलंबोत दुपारी ३० अंश असताना तिथे रात्री पारा १० च्या आसपास उतरतो. शिवाय "तो तळाशी कोंबू नकोस" हेही बजावलंत. का, ते कँडीहून नानू ओयाला, म्हणजे नुवारा एलियाच्या स्टेशनाला, चढणाऱ्या गाडीत कळलं. चहाचे मळे बघायचे तर खिडकी उघडी हवी, आणि खिडकी उघडी की धुकं थेट अंगावर. बाजूच्या बाकावरचं कुटुंब बीचवरच्या टॉवेलात गुंडाळून बसलं होतं.

जीन्स घरी ठेवायला लावलीत, तेही बरं केलंत. त्या दमट हवेत साधा पंचा रात्रभरात वाळेना, तिथे जीन्सचं काय झालं असतं! रेनकोटाऐवजी छत्री, कारण रेनकोट आतून घामाने भिजतो. आणि मोजे! देवळात चप्पल-टोपी काढायची हे माहीत होतं; पण अनुराधपुरात रुवनवेलीसाय स्तूपाभोवतीची फरशी दुपारच्या उन्हात किती तापते, हे कोणी लिहून ठेवत नाही. मोज्यांवर प्रदक्षिणा निवांत झाली. कँडीच्या दळदा मालिगावासाठी, म्हणजे बुद्धाच्या दाताच्या मंदिरासाठी, खांदे-गुडघे झाकणारे कपडे आणि बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढायचा नाही, हेही तुम्हीच सांगितलंत.

काकांचेही आभार. त्यांनी फोन हातात घेऊन डिसेंबरातल्या सूर्याचं गणित मांडलं: पुण्यात भर दुपारी तो साधारण ४८ अंश वर असतो, कोलंबोत ६०. तेव्हा मला ते जरा जास्तच वाटलं. पण मिरिसाच्या बोटीवर ज्यांनी "थंडीत कसलं सनस्क्रीन" म्हटलं, त्यांची नाकं संध्याकाळी लालबुंद होती.

एका बाबतीत मात्र तुमचं ऐकायला नको होतं. दशम्या आणि चटणीचा डबा नुसताच हिंडून परत आला. जागोजागी गरम भात, नारळाच्या दुधातलं परिप्पू (मसुरीचं वरण) आणि झणझणीत पोल सांबोल (ओल्या खोबऱ्याची चटणी) मिळत असताना दशमी कोण खाणार? तुम्ही तिथे इतकी वर्षं संसार केलात, तरी दशम्या सुटल्या नाहीत वाटतं.

आता माझी नणंद ऑगस्टमध्ये चालली आहे. तिला गॉलऐवजी त्रिंकोमाली सुचवलं आहे, बरोबर ना? बॅगेसाठी ती तुम्हाला रविवारी फोन करेल. नकाशा आधीच उघडून बसायला सांगितलंय.

तुमची,
वरच्या मजल्यावरची सूनबाई